सीटीसाठी पुढचं शिक्षण: एम.एस्सी. करावी की मोठ्या रुग्णालयात वर्षभर हात बसवावा? (नाशिक)

बत्तीस_स्लाइस

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. रेडिओग्राफी झाली, तीन वर्षं नाशिकमध्येच सीटी स्कॅनवर आहे. ३२ स्लाइसचं मशीन, म्हणजे एका फेरीत ३२ पातळ काप घेणारं. दिवसभरात येतं ते बहुतेक तेच: डोक्याचा प्लेन (औषध न टोचता), एचआरसीटी चेस्ट (फुप्फुसाचा बारीक स्कॅन), केयूबी (किडनी ते मूत्राशय), पोटाचा कॉन्ट्रास्ट (शिरेत आयोडीनचं औषध देऊन). हायवेचा अपघात आला की डोकं आणि मानेचे मणके. प्रोटोकॉल, म्हणजे स्कॅनच्या सेटिंग्ज, कंपनीच्या माणसाने भरून दिलेत, आपण वय-वजन टाकायचं आणि पुढे जायचं. कोरोनरी (हृदयाच्या धमन्या), ट्रायफेज लिव्हर (यकृताचे तीन वेगवेगळ्या वेळांचे स्कॅन), स्ट्रोकचं परफ्युजन (मेंदूतला रक्तपुरवठा) यातलं काहीच हाताखालून गेलेलं नाही.

पुढे शिकायचंय ते सीटीतच. 'एमआरआयकडे वळ' असं सगळे सांगतात, ते नको. एम.एस्सी. म्हणजे दोन वर्षं पगार बंद. रुग्णालयातलं सहा महिन्यांचं-वर्षाचं प्रशिक्षण घेतलं तर त्या कागदाला किंमत किती, कळत नाही. फी भरण्याआधी काय तपासायचं? चांगल्या ठिकाणी सीटीचं नेमकं काय शिकवतात? आणि उद्या इंग्लंडला जायचं म्हटलं तर यातलं काय चालतं? कसारा उतरून मुंबईला राहायची तयारी आहे, पुणेही चालेल.

आयसोसेंटर

आधी कागदाचं बोलू, कारण पैसे तिथेच बुडतात.

आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे म्हणून नाशिकमधला प्रत्येक पॅरामेडिकल कोर्स विद्यापीठाचाच, असा एक समज गावात आहे. तो सोडा. फलकावर 'संलग्न' लिहिलेलं असणं वेगळं, आणि त्याच कोर्सला, त्याच वर्षासाठी, तेवढ्या जागांना संलग्नता असणं वेगळं. संलग्नतेचं पत्र मागा. त्यावरचं कोर्सचं नाव आणि माहितीपत्रकावरचं नाव अक्षराला अक्षर जुळवून बघा. 'अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन सीटी' असं भारदस्त नाव असतं आणि खाली देणारी असते एखादी खासगी संस्था. ते शिक्षण वाईटच असतं असं नाही, पण पदव्युत्तर पदवी म्हणून ते कुठे धरलं जाणार नाही.

दुसरं, २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा. रेडिओलॉजी-इमेजिंगचे लोक त्यात येतात. 'हेल्थकेअर प्रोफेशनल' धरायला पदवी किमान ३,६०० तासांची लागते. 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल'साठी डिप्लोमा किंवा पदवी किमान २,००० तासांची. म्हणजे इथून पुढे वर्षांपेक्षा तास मोजले जाणार. तुमच्या बी.एस्सी.चे थिअरी, प्रॅक्टिकल आणि इंटर्नशिपचे तास विषयवार लिहिलेला कागद कॉलेजकडून आत्ताच काढून ठेवा. पाच वर्षांनी क्लार्क बदललेला असतो आणि रजिस्टर माळ्यावर गेलेलं असतं.

तिसरं, घरबसल्या एम.एस्सी.च्या जाहिराती. या कायद्याखाली येणारे आरोग्य अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. कोणी 'फक्त परीक्षेला या' म्हणालं तर तिथेच राम राम.

आता विभाग कसा बघायचा. प्रवेशाच्या आधी एखाद्या सोमवारी सकाळी अर्धा दिवस तिथल्या सीटी कन्सोलच्या (मशीन चालवायच्या संगणकाच्या) मागे बसायची परवानगी मागा. नाहीच म्हणाले तर तेही उत्तरच आहे. बसायला मिळालं तर एवढंच पाहा: शिकाऊ मुलगा कन्सोलवर बसलाय की रुग्णाला ट्रॉलीवरून उचलतोय? फेज (औषध दिल्यावर कोणत्या वेळेचा स्कॅन) कोणती घ्यायची हे रेडिओलॉजिस्ट आधी ठरवून देतात, की सगळ्यांना सरसकट प्लेन आणि कॉन्ट्रास्ट? रुग्ण गेल्यावर डोस रिपोर्ट (किरणांच्या मात्रेचा) कोणी उघडून बघतं का? रिपीट झालेल्या स्कॅनची वही आहे का? कार्डियाक (हृदयाचे) स्कॅन आठवड्यातून किती होतात? आठवड्याला दोन कोरोनरी होत असतील तर सहा महिन्यांत पन्नास, त्या तीन विद्यार्थ्यांत वाटल्या की तुमच्या वाट्याला सोळा-सतरा. तेवढ्यात हात बसत नाही.

माझं मत विचाराल तर एम.एस्सी.च करा, पण दिवसाला ६०-७० सीटी होणाऱ्या शिकवत्या रुग्णालयात. पेट-सीटीची (किरणोत्सारी औषध देऊन करायच्या स्कॅनची) ओढ असेल तर टाटा मेमोरियलचा फ्युजन इमेजिंगचा पदव्युत्तर डिप्लोमाही पाहून ठेवा, मात्र त्याची वाट न्यूक्लिअर मेडिसिनकडे जाते.

गुलाबी_व्हेनफ्लॉन

वरच्यांशी अर्धी सहमत. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत एक्स-रे, एमआरआय, सोनोग्राफीचं भौतिकशास्त्र, संशोधन पद्धती, प्रबंध सगळं येतं. सीटी त्यातला एक तुकडा. हात बसवायचा तर आधी वर्षभर मोठ्या रुग्णालयाचं प्रशिक्षण घ्या, मग एम.एस्सी. जड जात नाही. उलट क्रमाने गेलेले फॉर्म्युला पाठ म्हणतात आणि इंजेक्टरसमोर (कॉन्ट्रास्ट टोचणाऱ्या यंत्रासमोर) अडतात.

कारण सीटीचं पुढचं शिक्षण म्हणजे निम्मं कॉन्ट्रास्टचं शिक्षण आहे. प्लेन स्कॅन मशीन काढतं, कॉन्ट्रास्टचा स्कॅन माणूस काढतो. तीन आकडे सुटे करून शिका: एकूण आयोडीन, आयोडीन जाण्याचा वेग, आणि वेळ.

लिव्हर उजळतं ते एकूण आयोडीनवर. हिशेब किलोमागे साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम आयोडीन. ६० किलोच्या माणसाला ५०० ने ३० ग्रॅम. ३५० ची (मिलीला ३५० मिलिग्रॅम आयोडीनची) बाटली असेल तर ८५ मिली, ३०० ची असेल तर १०० मिली. 'सगळ्यांना ८० मिली' ही पद्धत इथेच फसते: ४५ किलोच्या बाईला ते जास्त होतं आणि ९० किलोच्या माणसाचं लिव्हर फिकं राहतं. मग रिपोर्टमध्ये लहान गाठ निसटली तर दोष मशीनवर जातो.

धमनी उजळते ती वेगावर. ५ मिली प्रति सेकंद गुणिले ०.३५ म्हणजे सेकंदाला १.७५ ग्रॅम आयोडीन. तेच ३ मिलीने दिलं तर १.०५. अँजिओला (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला) हा फरक डोळ्यांनी दिसतो. पाठोपाठ ३० ते ५० मिली सलाईन द्यायचंच, नाहीतर शेवटचा कॉन्ट्रास्ट हाताच्या शिरेतच पडून राहतो आणि वरच्या महाशिरेत दाट साचून पट्टे मारतो.

वेळ: इंजेक्शन सुरू झाल्यापासून लेट आर्टेरियल (धमन्या भरलेल्या) ३५ ते ४० सेकंद, पोर्टल व्हेनस (यकृताकडे जाणारी शीर भरलेली) ७० च्या आसपास, डिलेड (उशिराचा) ३ ते ५ मिनिटं. आर्टेरियल मात्र घड्याळावर सोडू नका, बोलस ट्रॅकिंग लावा, म्हणजे कॉन्ट्रास्ट पोचलेला दिसला की मशीनच स्कॅन ट्रिगर करतं. हृदय मंद चालणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णात घड्याळ दहा-पंधरा सेकंदांनी सहज चुकतं. आर्टेरियल बरोबर आलीय का हे असं बघा: पोर्टल व्हेन किंचित उजळलेली, हिपॅटिक व्हेन (यकृतातून रक्त बाहेर नेणारी) मात्र अजून काळी. पोर्टल व्हेनमध्ये काहीच नाही तर लवकर गेलात, हिपॅटिक व्हेनही भरलेली दिसली तर उशीर झाला.

सुई: अँजिओला कोपराच्या आतल्या बाजूची शीर, हिरवा १८ किंवा चांगला बसलेला गुलाबी २०. निळा २२ हाताच्या पाठीवर लावून ५ चा वेग टाकला तर इंजेक्टर दाबाच्या मर्यादेला पोचून वेग आपोआप पाडतो, आणि स्क्रीनकडे कोणाचं लक्ष नसतं. आधी १० मिली सलाईन हाताने जोरात देऊन बघा. इंजेक्शन सुरू झालं की पहिली काही सेकंदं सुईच्या वरच्या बाजूला बोट ठेवून आत थांबा. फुगवटा लागला तर तिथेच बंद. ट्रॅकिंगची पहिली इमेज पडण्याआधी बाहेर यायचं.

आणि एक बारीक गोष्ट, थंडीतल्या नाशिकची. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटली गार असते. आयोहेक्सॉल ३५० ची चिकटाई २० अंशाला ३७ अंशाच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्या दोन रुग्णांना दाबाचा अलार्म वाजतो तो बऱ्याचदा यामुळेच. बाटल्या वॉर्मरमध्ये ३७ अंशाला ठेवा. कोमट पाण्याच्या बादलीत बुडवणं हा उपाय नव्हे.

किडनीचं: केवळ क्रिएटिनिन बघू नका, त्यावरून ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) काढा. ३० च्या खाली असेल किंवा किडनीला नुकताच झटका बसला असेल तर थांबून डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) सरसकट बंद करायला सांगणं ही जुनी सवय. ईजीएफआर ३० किंवा वर असेल आणि किडनी स्थिर असेल तर शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टसाठी ती थांबवावी लागत नाही. ३० च्या खाली असेल तर त्या दिवसापासून ४८ तास बंद आणि किडनी पुन्हा तपासून सुरू. गंभीर रिअ‍ॅक्शनमध्ये पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, मोठ्या माणसाला १ मिलीत १ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधलं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. देणारे डॉक्टर, पण ट्रेमध्ये ती कुठे आहे हे अंधारात सांगता यायला हवं. स्कॅन झाल्यावर अर्धा तास सुई काढायची नाही.

बत्तीस_स्लाइस

ताई, हे फार उपयोगी पडलं. याच धाग्यात एक विचारतो. सीटी पल्मनरी अँजिओत (फुप्फुसाच्या धमनीच्या स्कॅनमध्ये) ट्रॅकिंग बरोबर ट्रिगर होतं, तरी काही रुग्णांत पल्मनरी धमनी फिकी येते. ८० मिली, ३.५ चा वेग, २० नंबरची सुई. सगळं तेच, मग एकात छान आणि एकात फिकी असं का?

गुलाबी_व्हेनफ्लॉन

फिकी इमेज बंद करू नका, तिच्यातच उत्तर असतं. चार ठिकाणी बघा: वरची महाशीर, उजवं हृदय, पल्मनरी धमनी, महाधमनी.

वरची महाशीर पांढरीशुभ्र, पल्मनरी फिकी, महाधमनी रिकामी: तुम्ही लवकर गेलात. पल्मनरीपेक्षा महाधमनी जास्त उजळ: उशीर झाला. आणि वरची महाशीर दाट, महाधमनीतही बऱ्यापैकी आहे, पण मधली पल्मनरीच फिकी: हा श्वासाचा घोळ. रुग्णाने 'खोल श्वास' अगदी मनापासून घेतला की छातीतला दाब पडतो आणि खालच्या महाशिरेतून बिनकॉन्ट्रास्टचं रक्त उजव्या हृदयात ओढलं जातं. चांगल्या श्वासाला शिक्षा मिळते अशातली गत.

उपाय साधा आहे, पण रुग्ण टेबलावर घेण्याआधी करायचा. खोल श्वास सांगूच नका. 'साधा श्वास घ्या, तोंड उघडं ठेवा, आता थांबवा' एवढंच, आणि दोनदा सराव. मशीनमध्ये भरलेला इंग्रजी किंवा हिंदी आवाज पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आजींना कळत नाही. त्या घाबरून एकदम मोठा श्वास घेतात किंवा जोर लावून दाबून धरतात. दोन्ही वाईट. मराठीत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि सूचना ३-४ सेकंदांत संपवा. सूचनेची लांबी ट्रिगरनंतरच्या विलंबात मिळते हे बरेच जण विसरतात. आठ सेकंदांचं भाषण भरलं असेल तर पाच सेकंदांचा विलंब कागदावरच राहिला.

स्कॅन खालून वर घ्या. श्वास सुटलाच तर तो शेवटी सुटतो, तेव्हा फुप्फुसाचा तळ होऊन गेलेला असतो आणि वर महाशिरेत तोवर सलाईन आलेलं असतं. वेगही ४ ते ४.५ करा, प्रमाण ६०-७० मिलीवर आणलं तरी चालतं. पिच (फेरीमागे टेबल किरणांच्या रुंदीच्या किती पट सरकतं) १.३७५ आणि ४० मिमी कॉलिमेशनला (किरणांच्या रुंदीला) एका फेरीत टेबल ५५ मिमी सरकतं. फेरी अर्ध्या सेकंदाची धरली तर ३० सेंमीची छाती पावणेतीन सेकंदांत संपते. तुमचं ८० मिली ३.५ ने जवळपास २३ सेकंद जात असतं, त्यातलं बरंचसं स्कॅन संपल्यावर. ३२ स्लाइसला कॉलिमेशन निम्मं असेल तर वेळ दुप्पट लागेल, त्या हिशेबाने प्रमाण बसवा.

पाण्याचा_फँटम

कॉन्ट्रास्टवर छान लिहिलंय, पण भौतिकशास्त्राला 'फॉर्म्युला पाठ म्हणणं' म्हटलेलं खटकलं. पदव्युत्तर शिक्षणाचा फायदा नेमका इथे होतो: प्रोटोकॉलमधला प्रत्येक आकडा बदलला तर काय होईल हे आधी सांगता येणं.

प्रवेशाच्या मुलाखतीत उलट तुम्हीच त्यांना विचारा: पोटाच्या स्कॅनला १२० ऐवजी १०० केव्ही (ट्यूबचा विद्युतदाब) कधी? जो शिक्षक 'डोस कमी होतो म्हणून' एवढ्यावर थांबेल त्याच्याकडून फार मिळणार नाही. आयोडीनची के-एज (ज्या ऊर्जेला ते किरण एकदम जास्त शोषू लागतं) ३३.२ केईव्हीला आहे; केव्ही उतरवला की किरणांची सरासरी ऊर्जा तिच्या जवळ येते आणि त्याच आयोडीनचे एचयू (चित्रातल्या उजळपणाचा आकडा) वाढतात. म्हणून अँजिओला आणि सडपातळ रुग्णाला १०० फायद्याचं. जाड रुग्णात मात्र किरण पलीकडे पोचतच नाहीत, नॉइज (चित्रातले दाणे) वाढतो, आणि तो सावरायला एमए (ट्यूबचा विद्युतप्रवाह) इतका चढतो की ट्यूब हात टेकते.

नॉइजचं गणित: डोस निम्मा केला तर नॉइज दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. स्लाइसची जाडी ५ वरून १.२५ मिमी केली तर फोटॉन चौथा हिस्सा, नॉइज दुप्पट. म्हणून पातळ स्लाइस एमपीआरसाठी (तेच चित्र दुसऱ्या दिशांनी मांडायला), वाचायला जाड. डोस वाढवण्याआधी हा पर्याय आठवला पाहिजे.

आता रोजची चूक, जी जवळपास प्रत्येक सेंटरवर होते: सेंटरिंग, म्हणजे रुग्ण गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मधोमध ठेवणं. स्काऊट (स्कॅनआधीचं सपाट चित्र) घेताना ट्यूब वर असेल आणि टेबल गरजेपेक्षा उंच असेल, तर रुग्ण ट्यूबजवळ जातो, स्काऊटवर आहे त्यापेक्षा रुंद दिसतो आणि एईसी (एमए आपोआप ठरवणारी यंत्रणा) त्याला जाड समजून एमए वाढवते. टेबल खाली राहिलं तर रुग्ण बारीक दिसतो, एमए पडतो, चित्रात दाणे येतात. ट्यूब खाली ठेवून स्काऊट घेत असाल तर हेच उलट. शिवाय किरण गाळणारा बो-टाय फिल्टर मधोमध पातळ आणि कडेला जाड असतो; रुग्ण मध्यावर नसेल तर शरीराचा जाड भाग फिल्टरच्या जाड भागाखाली येतो. त्यामुळे लेझर रेषा बगलेच्या मध्यरेषेवर, दोन्ही बाजूंनी बघायची. गादीवर उशी वाढली की पुन्हा बघायची. स्काऊट संपूर्ण भाग झाकणारा हवा. तो जिथे संपतो त्यापुढे एईसी अंदाजावर चालते.

सकाळचं काम: ट्यूब वॉर्मअप, एअर कॅलिब्रेशन, मग पाण्याचा फँटम (पाणी भरलेलं चाचणीचं भांडं). मधोमध पाण्याचा एचयू शून्याच्या आसपास, ४-५ च्या आत. मध्य आणि कडेचे चार भाग यांच्यातला फरकही तेवढाच. एसडी (नॉइजचा आकडा) रोज वहीत लिहा. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, महिनाभराची रेघ चढताना दिसली की सांगते. रिंग (डिटेक्टरच्या दोषामुळे चित्रात दिसणारं वर्तुळ) शोधायची तर विंडो (स्क्रीनवर दाखवायची एचयूची पट्टी) १०० रुंदीची, लेव्हल ० ठेवा. नेहमीच्या पोटाच्या विंडोत बारीक रिंग लपते. रिंग दिसली तर आधी एअर कॅलिब्रेशन पुन्हा करा, तरी राहिली तर गॅन्ट्रीच्या खिडकीच्या पट्टीवर कॉन्ट्रास्टचा वाळलेला थेंब आहे का ते बघा, मगच इंजिनिअरला फोन. रात्री एसी बंद करून वीज वाचवणाऱ्या सेंटरवर सकाळी डिटेक्टरचं तापमान स्थिर झालेलं नसतं, आणि कॅलिब्रेशन त्याच अवस्थेत उरकलं जातं. दुपारी रिंग आली की सगळे चकित. पावसाळ्यात त्यात दमटपणाची भर.

डोसचं उदाहरण देतो. पोट, सीटीडीआय (मशीन दाखवतं तो किरणांचा डोस) १२ मिलिग्रे, लांबी ४५ सेंमी. डीएलपी (दोन्हींचा गुणाकार) ५४०. पोटाचा गुणक ०.०१५ धरला तर रुग्णाला मिळाला ८ मिलिसिव्हर्ट. ट्रायफेज म्हणजे २४.

आयसोसेंटर

एक दुरुस्ती. 'रुग्णाला मिळाला' म्हणू नका. सीटीडीआय हा ३२ सेंमीच्या प्लास्टिकच्या फँटमला मिळालेला डोस आहे, डोक्यासाठी १६ सेंमीच्या. समोर ४० किलोची मुलगी असेल तर तिच्या अवयवांना स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा जास्त मिळतं, १०० किलोच्या माणसाला कमी. त्यासाठी रुग्णाच्या मापाने दुरुस्त केलेला एसएसडीई आहे, एएपीएमचा (अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा) अहवाल क्रमांक २०४. आणि डीएलपीला गुणक लावून येणारे मिलिसिव्हर्ट दोन प्रोटोकॉल ताडून बघायला ठीक. एका माणसाच्या धोक्याचा आकडा म्हणून नातेवाइकांना सांगायला मुळीच नाही.

मुलांच्या स्कॅनला तर पहिली नजर फँटमच्या आकड्यावर टाका. तोच केव्ही, तोच एमएएस (एमए गुणिले वेळ) असताना १६ सेंमीच्या फँटमवरचा सीटीडीआय ३२ च्या साधारण दुप्पट दिसतो. दोन सेंटरांची तुलना करताना एकाने १६ आणि दुसऱ्याने ३२ धरला असेल तर सगळी चर्चा वाया.

पाण्याचा_फँटम

मान्य. 'मिळाला' चुकलं.

जाता जाता: एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) आरएसओची (किरण सुरक्षा अधिकाऱ्याची) परीक्षा एम.एस्सी.ची वाट न पाहता द्या. सीटी चालवायला एईआरबीचं लायसन्स लागतं, त्याला मान्यताप्राप्त आरएसओ लागतो, आणि ई-लोरावरचं (एईआरबीच्या पोर्टलवरचं) सगळं काम त्याच्याकडे येतं. सेंटरच्या दृष्टीने हा तुमचा सगळ्यात रोकडा कागद आहे. कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, एका वर्षात ३० च्या वर नाही. टीएलडी (किरण मोजणारा बॅज) एप्रनच्या आत छातीवर, दर तिमाहीला बदलायचा. क्यूए (मशीनची दर्जा तपासणी) दर दोन वर्षांनी. हे बहुतेकांना माहीत असतं, तरी बॅज एप्रनसकट गरम भिंतीला टांगलेला दिसतो.

टेम्ससाइड_टेक

इंग्लंडचं विचारलंय म्हणून. पहिल्या रुग्णाचा सीटी जिथे १ ऑक्टोबर १९७१ ला झाला, लंडनच्या विम्बल्डनमधल्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात, त्या देशात सीटीचं पदव्युत्तर शिक्षण नोकरी करता करता घ्यायचं असतं. पीजी सर्टिफिकेट ६० क्रेडिटचं, डिप्लोमा १२०, एम.एस्सी. १८०, सगळं लेव्हल ७ (पदव्युत्तर पातळी). एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे दहा तास धरतात, तेव्हा सर्टिफिकेटलाही ६०० तास आले. बरंचसं शिक्षण दुरून, पण आपल्या रुग्णालयात सीटीवर ड्यूटी असल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही, कारण गुण पोर्टफोलिओवर असतात: किती केस केल्या, कोणी पाहिल्या, चुकलं कुठे, पुढच्या वेळी काय बदललं.

रेडिओग्राफर म्हणून काम करायला एचसीपीसीची (इथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक परिषदेची) नोंदणी लागते. भारतातली एम.एस्सी. असो वा नसो, ते तुमच्या मूळ पदवीचे विषय, तास आणि अनुभव तपासतात. म्हणजे वर सांगितलेला तासांचा कागद इथेही तोच. पोस्ट-ग्रॅज्युएट सीटी शिक्षण नोकरी मिळवताना उपयोगी, नोंदणीला पर्याय नाही. अमेरिकेचं गणित वेगळं: एआरआरटीचा (रेडिओग्राफरना दाखला देणाऱ्या तिथल्या संस्थेचा) सीटीचा दाखला आधी त्यांचाच मूळ दाखला असल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे भारतातून थेट त्यामागे लागू नका.

कामातला फरक एकच लक्षात ठेवा. इथे आयआरएमईआर २०१७ च्या (वैद्यकीय किरणांच्या वापराच्या) नियमांत रुग्ण पाठवणारा, स्कॅनची गरज पटवून मंजुरी देणारा आणि मशीन चालवणारा अशा तीन भूमिका वेगळ्या लिहिलेल्या आहेत. चालवणाऱ्याने मागणी वाचायची, शंका आली तर थांबवायचं, आणि का थांबवलं ते लिहायचं. 'डॉक्टरांनी लिहिलं म्हणून केलं' हे उत्तर मुलाखतीत चालत नाही. प्रश्न साधारण असा येतो: तीन दिवसांपूर्वी झालेला पोटाचा सीटी दुसऱ्या वॉर्डाने पुन्हा मागितलाय, काय कराल? आधी जुनी इमेज शोधतो, मग रेडिओलॉजिस्टला फोन, मग रुग्ण. हा क्रम तोंडात बसलेला हवा.

बत्तीस_स्लाइस

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: आरएसओची तयारी लगेच, तासांचा कागद या आठवड्यात, आणि रुग्णालयातल्या वर्षासाठी मुंबई-पुण्यात दोन ठिकाणी जाऊन बसतो. शेवटचं एक: कार्डियाक माझ्याकडे होतच नाही, मग त्याची तयारी कशी करायची? आणि लॉगबुकमध्ये काय लिहायचं?

आयसोसेंटर

कार्डियाकचं निम्मं काम गॅन्ट्रीच्या बाहेर होतं, ते आत्ताही शिकता येतं. ईसीजीच्या लीड लावायला शिका, आर लाट (ठोक्याची टोकदार लाट) उंच आणि स्वच्छ दिसेपर्यंत. छातीवर केस असतील तर दाढी करायची, चिकटपट्टी जोरात दाबून भागत नाही. फेरी ०.३५ सेकंदाची असेल तर एका ट्यूबच्या मशीनला इमेजसाठी निम्मी फेरी लागते, म्हणजे १७५ मिलिसेकंद. हृदयाचे ठोके ६०-६५ च्या खाली हवेत ते यासाठी: तेवढ्या वेगाला डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडतं तेव्हा), आर-आरच्या (दोन ठोक्यांमधल्या वेळेच्या) ७० ते ७५ टक्क्यांवर, हृदय जवळजवळ थांबलेलं सापडतं. ठोके ८० असतील तर ती विश्रांतीच आखडते आणि उजवी कोरोनरी दुहेरी दिसते. बीटा ब्लॉकर किती आणि कधी हे डॉक्टरांचं; दमा आहे का हे विचारून ठेवणं तुमचं. नायट्रोग्लिसरीनच्या आधी गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलीय का हेही, बायको बाहेर बसली असताना.

कॅल्शियम स्कोअरपासून (कोरोनरीतल्या कॅल्शियमच्या मोजणीपासून) सुरुवात करा: १२० केव्ही, ३ मिमी स्लाइस, १३० एचयूच्या वरचं ते कॅल्शियम. इथे केव्ही हौसेने बदलायचा नाही, स्कोअरच बदलतो.

लॉगबुकला रुग्णाचं नाव नको, केस नंबरही नको. तारीख, भाग, कारण, वजन, केव्ही, पिच, सुईचा नंबर आणि जागा, वेग, प्रमाण, ट्रिगरची वेळ, सीटीडीआय, डीएलपी. पल्मनरी आणि कोरोनरीला मुख्य धमनीतला एचयू मोजून लिहा. शेवटचा रकाना रुंद ठेवा: रेडिओलॉजिस्ट इमेजबद्दल काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत. 'ठीक आहे' एवढंच म्हणाले तर तेही लिहा आणि सही घ्या. सही त्याच दिवशी घ्यायची, महिन्याचा गठ्ठा एकदम नेला तर कोणी वाचत नाही.

गुलाबी_व्हेनफ्लॉन

त्यात एक रकाना माझाही घाला: सूचना कोणत्या भाषेत दिली.